पती किंवा पत्नीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन: पात्रता, कागदपत्रे आणि घरचा हिशेब

राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेल्या व्यक्तीचे निधन झाले, की तिच्या हयात जोडीदाराला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ नुसार कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. हा हक्क पत्नीला आहे तसाच पतीलाही आहे. हयात जोडीदार स्वतः निवृत्त शिक्षिका किंवा कर्मचारी असेल, तर तिचे स्वतःचे निवृत्तिवेतन चालू राहून त्याशिवाय कुटुंब निवृत्तिवेतनही घेता येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांची योजना निराळी असल्यामुळे पुढील माहिती त्यापूर्वी रुजू झालेल्यांच्या कुटुंबांसाठी आहे.

सर्वांत आधी पाहायचा कागद म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, ज्याला आपल्याकडे सरसकट पीपीओ किंवा पेन्शन बुक म्हणतात. त्यात जोडीदाराचे नाव आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम नोंदलेली असेल, तर नवी मंजुरी लागत नाही. जिल्हा कोषागार कार्यालयाकडे अर्ज केल्यावर तेथूनच प्रदान सुरू होते. नाव नसेल किंवा पहिल्या पत्नीच्या निधनानंतर दुसरा विवाह होऊनही नोंद बदललेली नसेल, तर प्रकरण मृत व्यक्तीच्या शेवटच्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जाते. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची अशी प्रकरणे मुंबईला नव्हे, तर नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्यांचे काम मात्र पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा वित्त विभाग पाहतो. आपले प्रकरण यांपैकी कोणत्या वाटेचे आहे, हे पीपीओ हातात घेऊन ठरवावे. शेजाऱ्यांना काय करावे लागले, त्यावरून ठरवू नये.

अर्जासोबत मृत्यूचा मूळ दाखला, पीपीओची प्रत, अर्जदाराचे आधार व पॅन कार्ड, छायाचित्रे, नमुना स्वाक्षऱ्या (सही येत नसल्यास अंगठ्याचे ठसे), ओळखीच्या खुणा आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी लागते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत, म्हणजे मृत्यू जेथे झाला तेथे, होणे आवश्यक असते. माणूस नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या दवाखान्यात गेला असेल, तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीतून मिळत नाही, आणि तेराव्यानंतर हे लक्षात आले की विनाकारण धावपळ होते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात, कारण कोषागार, बँक, डाकघर, विमा आणि तलाठी या सर्वांना त्या लागतात.

प्रकरणे अडतात ती बहुधा नावावर आणि जन्मतारखेवर. पीपीओत ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’ आणि बँकेत माहेरचे आडनाव, अशी तीन नावे एकाच बाईची असणे आपल्या भागात मुळीच नवे नाही. शाळेत न गेलेल्या पिढीतील अनेक स्त्रियांच्या आधारवर जन्मतारीख म्हणून अंदाजाने धरलेल्या सालाची १ जानेवारी असते. पीपीओतील तारीख तिच्याशी जुळली नाही, तर वयाच्या ८० व्या वर्षानंतर मिळणाऱ्या वाढीव रकमेच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. नावातील किरकोळ फरकासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र सहसा चालते. आडनावासकट नाव बदललेले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी मागितली जाऊ शकते. शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कचेरीबाहेरचा लेखनिक महागडा मुद्रांक घ्यायला सांगत असेल तर या माफीची त्याला आठवण करून द्यावी. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

निधनाच्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन मृताचे असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. मधल्या काळात जुन्या खात्यात चुकून जमा झालेली रक्कम एटीएमने काढली जाते, आणि पुढे ती थकबाकीतून वळती होते किंवा परत भरावी लागते. म्हणून कोषागाराला आणि बँकेला निधनाची लेखी सूचना लगेच द्यावी. मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असले, तरी कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या कोणाला देता येत नाही, कारण ते मृताच्या मालमत्तेचा भाग नसते. पीपीओत नाव असलेल्या पत्नीने वारस प्रमाणपत्रासाठी न्यायालयात जाण्याची गरज त्यामुळे सहसा पडत नाही. दिव्यांग आणि कमावू न शकणारे अपत्य असेल, तर त्याची नोंद आईच्या हयातीतच करून घ्यावी. तिच्या पश्चात त्याला तहहयात हक्क मिळू शकतो, पण ती कागदपत्रे तेव्हा जमवून देणारे कोणी असेलच असे नाही.

रकमेचा हिशेब नीट समजून घेतल्याशिवाय घरखर्चाची आखणी करू नये. सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे. वाढीव दर ५० टक्के असून तो निधनानंतर सात वर्षे किंवा मृत व्यक्ती ६५ वर्षांची झाली असती त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढाच काळ मिळतो. समजा शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये होते आणि निवृत्तिवेतन ३०,००० रुपये. त्यातील ४० टक्के अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे) झाल्याने पतीच्या हाती १८,००० रुपये आणि पूर्ण ३०,००० रुपयांवरील महागाई वाढ पडत होती. त्यांचे ६२ व्या वर्षी निधन झाले, तर अंशराशीकरणाची कपात पत्नीच्या रकमेतून होत नसल्यामुळे तिला सुरुवातीची तीन वर्षे ३०,००० रुपये आणि त्यावरील महागाई वाढ, म्हणजे पतीच्या हाती पडत होते त्यापेक्षा जास्तच मिळते. तीन वर्षांनी मात्र ती रक्कम १८,००० रुपये आणि तेवढ्यावरचीच महागाई वाढ इतकी खाली येते. सुरुवातीच्या वाढीव रकमेवर भरवसा ठेवून नातवाच्या कोचिंगचा किंवा मुलाच्या ट्रॅक्टरचा हप्ता पुढील सात-आठ वर्षांसाठी अंगावर घेतला, की अडचण तेथूनच सुरू होते. प्राप्तिकराच्या दृष्टीने ही रक्कम पगारात नव्हे, तर इतर उत्पन्नात मोडते आणि तिच्यावर स्वतंत्र मर्यादित वजावट मिळते.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीची नोंद करावी लागते. बँकेतील यादीवर स्वाक्षरी करता येते किंवा ‘जीवन प्रमाण’ या आधारवर चालणाऱ्या ऑनलाइन पद्धतीने घरबसल्याही ती करता येते. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्यांनी दुसरा पर्याय आधीच शिकून ठेवावा.

डाकघरातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असल्यास, तो स्वतः पात्र असेल तर, मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. ते घाईने मोडण्याचे कारण नाही.

शेतीची वारसनोंद वेगळी करावी लागते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी ही मुलामुलींच्या बरोबरीची वारस आहे, त्यामुळे सातबाऱ्यावर तिचे नाव लागले पाहिजे. फेरफाराच्या वेळी ‘आई, तू इथे फक्त अंगठा कर’ असे म्हणत समोर ठेवलेला कागद हक्कसोडपत्र आहे का, हे वाचून घेतल्याखेरीज तिने अंगठा उठवू नये. माझे मत विचाराल तर, पहिल्या वर्षभरात हक्कसोड, बक्षीसपत्र आणि एटीएम कार्डाची कायमची सोपवणूक या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. मुलगा चांगला असला तरी टाळाव्यात, कारण चांगल्या मुलाला वर्षभर थांबायला हरकत नसते.

आधीच बक्षीसपत्र झाले असेल आणि सांभाळण्याची अट असूनही सांभाळ होत नसेल, तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे द्यावा लागतो. ही मागणी सांभाळण्याच्या अटीवरच उभी असते, म्हणून ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून घेतलेली असावी.