पेलजीदीन गेंदेन

पेलजीदीन गेंदेन (१८९२ किंवा १८९५ – २६ नोव्हेंबर १९३७) : मंगोलियन राजकारणी आणि १९३२ ते १९३६ या काळातले मंगोलियन लोक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान. त्याआधी, १९२४ ते १९२७ दरम्यान, ते राज्य लघु खुरालच्या (खुराल म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा) अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष, म्हणजेच देशाचे राष्ट्रप्रमुख होते. मंगोलियातले बौद्ध मठ आणि लामा यांचा नायनाट करा, हा स्टालिनचा आदेश त्यांनी पंतप्रधानपदावर असेपर्यंत अमलात आणला नाही. त्यापायी पद गेले आणि पुढे मॉस्कोत जीवही गेला. मंगोल नावात आडनाव नसते. पहिला भाग पालकाच्या नावावरून येतो. त्यामुळे त्यांचा उल्लेख नुसता ‘गेंदेन’ असाच केला जातो.

गेंदेन यांचा जन्म आजच्या ओव्होरखांगाई प्रांतात, तारागत परिसरातल्या एका गरीब पशुपालक घरात झाला. १९२१ च्या क्रांतीने मंगोलिया चिनी सैन्याच्या आणि बोल्शेविकविरोधी ‘श्वेत’ रशियन सेनानी उंगर्न याच्या ताब्यातून सुटला, पण सोव्हिएत लाल सेनेच्या मदतीने. त्या मदतीची किंमत पुढची सात दशके मोजावी लागली. १९२२ मध्ये गेंदेन क्रांतिकारी युवक संघटनेत गेले. नोव्हेंबर १९२४ मध्ये देशाचा पहिला महा खुराल भरला, तेव्हा ते त्याचे प्रतिनिधी होते. धर्मप्रमुख आणि नामधारी राजा असलेले आठवे जेब्त्सुन्दाम्बा खुतुख्तु त्याच वर्षी वारले होते. त्यांचा पुनर्जन्म शोधायचा नाही असे ठरले, २६ नोव्हेंबरला राज्यघटना संमत होऊन प्रजासत्ताक आले आणि राजधानीला उलानबातर हे नाव मिळाले. याच अधिवेशनात गेंदेन वर आले. गरीब घरातला, ग्रामीण भागातला, जुन्या सरदारवर्गाशी कसलेही नाते नसलेला तरुण नव्या राजवटीला आणि कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या, सल्लागारांना हवाच होता.

१९२८ मध्ये सत्ताधारी मंगोलियन लोक क्रांतिकारी पक्षाच्या सातव्या अधिवेशनात दाम्बादोर्ज यांच्या ‘उजव्या’ गटाला हटवून डावा गट सत्तेवर आला आणि गेंदेन केंद्रीय समितीच्या तीन चिटणीसांपैकी एक झाले. पुढची चार वर्षे मंगोलियाच्या इतिहासात ‘डावे विचलन’ म्हणून ओळखली जातात. सरदारांची मालमत्ता जप्त झाली, खासगी व्यापार बंद पडला, पशुपालकांना सामूहिक संस्थांत ढकलण्यात आले आणि मठांच्या ‘जास’वर हात पडला. जास म्हणजे मठाची सामाईक मालमत्ता, मुख्यतः जनावरांचे कळप. मठ हे कळप आसपासच्या कुटुंबांकडे राखायला देत आणि मोबदल्यात लोकर व दुधाचे पदार्थ घेत. हजारो गरीब घरांचे पोट या व्यवस्थेवर चालायचे. ती मोडली तेव्हा लामांइतकेच हे राखणदारही उघड्यावर पडले. गेंदेन या धोरणाचे नुसते साक्षीदार नव्हते, ते राबवणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग अनेकदा पटकन उरकला जातो. तसे करणे योग्य नाही.

शेतकऱ्याची जमीन एकत्र करता येते, पण घोडे, उंट, गाई-याक, मेंढ्या आणि बकऱ्या एका जागी गोळा केल्या तर तिथले गवत काही आठवड्यांत संपते. कुरण कधी सोडायचे, हिवाळ्यात कोणत्या दरीत उतरायचे, हे ठरवणारे शहाणपण घराघरात होते, संस्थेच्या कार्यालयात नव्हते. जनावरे संस्थेला देण्यापेक्षा कापून खाल्लेली बरी, असे म्हणून लोकांनी कळपच्या कळप मारले. देशातले पशुधन सुमारे एक तृतीयांशाने घटले. एप्रिल १९३२ मध्ये खुव्सगुल भागातल्या मठांतून उठाव पेटला आणि अरखांगाई, ओव्होरखांगाई, झावखान अशा पश्चिमेकडच्या प्रांतांत पसरला. तिबेटी बौद्ध धर्मातले एक सर्वोच्च धर्मगुरू पांचेन लामा सैन्य घेऊन येणार, अशी आशा बंडखोरांना होती. ते सैन्य कधीच आले नाही. सोव्हिएत शस्त्रे आणि विमाने यांच्या बळावर सरकारने काही महिन्यांत उठाव चिरडला. त्यात हजारो माणसे मेली.

‘नवे वळण’

उठावाच्या धक्क्याने मॉस्कोनेच माघार घ्यायला सांगितले. जून १९३२ मध्ये पक्षाने ‘नवे वळण’ जाहीर केले आणि जुलैमध्ये गेंदेन पंतप्रधान झाले. सामूहिक संस्था विसर्जित झाल्या, जनावरे घरोघर परत गेली, खासगी व्यापार आणि वाहतूक यांना मुभा मिळाली, कर कमी झाले. धार्मिक विधींवरची बंधने सैल झाली, बंद पडलेले काही मठ पुन्हा उघडले आणि घरी पाठवलेले लामा परत आले. ‘श्रीमंत व्हा’ अशी हाक गेंदेन यांनी लोकांना दिली. रशियात काही वर्षांपूर्वी सोव्हिएत नेता बुखारिनने शेतकऱ्यांना असेच म्हटले होते आणि त्याला ते महागात पडले होते. मंगोलियात मात्र धोरणाचा गुण दिसला. कळप पुन्हा वाढू लागले, दुकानांत माल आला आणि सरकारविषयीचा राग ओसरला. मॉस्कोच्या आदेशाने सुरू झालेले हे धोरण गेंदेन यांनी मनापासून आपले केले, हे या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे वळण म्हणावे लागेल. चार वर्षांपूर्वी जप्तीचे समर्थन करणारा माणूस आता आपल्या लोकांच्या जगण्याची रीत समजून राज्य करू पाहत होता.

त्याच काळात त्यांच्या सरकारच्या हातून एक मोठा अन्यायही घडला. १९३३ च्या उन्हाळ्यात पक्षाचे एक चिटणीस जाम्बीन ल्ह्युम्बे यांच्यावर जपानसाठी हेरगिरीचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुरावे रचलेले होते. शेकडो लोकांना अटक झाली आणि त्यांत बहुसंख्य बुर्यात होते, म्हणजे रशियातल्या उलथापालथीतून पळून मंगोलियात आसरा घेतलेल्या समाजातले. १९३४ मध्ये ल्ह्युम्बे यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या मोठ्या दडपशाहीची ही रंगीत तालीमच होती. पंतप्रधान या नात्याने गेंदेन यांची जबाबदारी इथे टळत नाही. पुढे तीच पद्धत त्यांच्यावरही वापरली गेली.

स्टालिनशी संघर्ष

जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला आणि पुढच्या वर्षी तिथे मांचुकुओ हे बाहुले राज्य उभे केले. मंगोलियाची पूर्व सीमा आता थेट जपानी सैन्याला भिडली. सोव्हिएत संघाला मंगोलिया हा आपल्या सैबेरियाच्या दारातला आडोसा वाटत होता. गेंदेन यांना सोव्हिएत संरक्षण हवे होते, पण सोव्हिएत सैन्याने कायमचा तळ ठोकावा हे नको होते. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी नोव्हेंबर १९३४ मध्ये मॉस्कोत परस्पर लष्करी साहाय्याचा तोंडी करार मान्य केला.

स्टालिनची दुसरी मागणी त्याहून अवघड होती. सात लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात सातशेहून अधिक मठ होते आणि प्रौढ पुरुषांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लामा होते. शाळा, वैद्यकी, चित्रकला, छपाई, सावकारी असे सगळे मठांतूनच चाले. स्टालिनच्या दृष्टीने हे राज्याच्या आतले दुसरे राज्य होते, आणि ते मोडून काढण्याचा आग्रह त्याने गेंदेन यांच्याशी झालेल्या भेटींत पुन्हा पुन्हा धरला. गेंदेन तोंडावर होकार देत आणि उलानबातरला परतल्यावर काम लांबणीवर टाकत. बुद्ध आणि लेनिन हे जगातले दोन थोर पुरुष, असे ते म्हणत असल्याचे सांगितले जाते. त्यांना लामांचे राजकीय वजन कमी करायचे होतेच. पण घराघरातून एक मुलगा मठात गेलेल्या देशात लामांची कत्तल म्हणजे आपल्याच जनतेशी युद्ध, हे १९३२ चा उठाव पाहिलेल्या माणसाला सांगायला नको होते.

१९३५ मध्ये मॉस्कोच्या आग्रहावरून खोर्लोगीन चोइबाल्सान यांना उपपंतप्रधान करण्यात आले. गेंदेन यांना पर्याय तयार होत होता. त्या वर्षअखेर ते पुन्हा मॉस्कोत होते. तिथल्या एका मेजवानीत मद्याच्या अमलाखाली त्यांनी स्टालिनला ‘तू रशियाचा झारच झाला आहेस’ असे सुनावले आणि झटापटीत त्याचा पाइप फोडला, अशी कथा मंगोलियात सर्वतोमुखी आहे. कुणी पाइपऐवजी थप्पड सांगतात, कुणी काठी. तपशिलांचा मेळ बसत नाही. पण दोघांतले संबंध या भेटीत तुटले, याबद्दल दुमत नाही.

१२ मार्च १९३६ रोजी उलानबातरमध्ये परस्पर साहाय्याचा लेखी करार झाला. सोव्हिएत सैन्याला देशात येण्याचा मार्ग आता कागदोपत्री मोकळा झाला होता. त्याच महिन्यात केंद्रीय समितीच्या बैठकीत सोव्हिएत संघाशी मैत्रीला बाधा आणल्याचा ठपका ठेवून गेंदेन यांना सर्व पदांवरून काढण्यात आले. आनंदीन आमार पंतप्रधान झाले, तर चोइबाल्सान यांच्या हाती गृहखाते, म्हणजे गुप्त पोलीस, आले.

अटक आणि मृत्यू

‘वैद्यकीय उपचारांसाठी’ म्हणून गेंदेन यांना सोव्हिएत संघात बोलावून क्रायमियातल्या फोरोस या समुद्रकाठच्या गावी ठेवण्यात आले. ती नजरकैदच होती. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. लामा आणि जपानी हेरांशी संगनमत केल्याचा कबुलीजबाब त्यांच्याकडून लिहवून घेण्यात आला आणि त्यात आलेली नावे उलानबातरमधल्या पुढच्या अटकांसाठी वापरली गेली. ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री देमिद मॉस्कोकडे जाताना रेल्वेत संशयास्पदरीत्या मरण पावले. १० सप्टेंबरच्या रात्री राजधानीत सामूहिक धरपकड सुरू झाली. गेंदेन यांना सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाने दोषी ठरवले आणि २६ नोव्हेंबर १९३७ रोजी मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या. तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती.

जे त्यांनी टाळले होते ते चोइबाल्सान यांनी पार पाडले. १९३७ ते १९३९ या दोन वर्षांत अंदाजे वीस ते पस्तीस हजार माणसे मारली गेली. त्यांत सर्वाधिक लामा होते. जवळजवळ सगळे मठ बंद पडले किंवा जमीनदोस्त झाले. आमार यांनाही १९३९ मध्ये पदावरून काढून १९४१ मध्ये सोव्हिएत संघात ठार करण्यात आले.

सोव्हिएत न्यायालयाने १९५६ मध्ये गेंदेन यांना निर्दोष ठरवले, पण खुद्द मंगोलियात त्यांचे नाव उघडपणे घेता येण्यासाठी १९९० च्या लोकशाही क्रांतीपर्यंत थांबावे लागले. त्यांची मुलगी त्सेरेन्दुलाम यांनी नव्वदच्या दशकात उलानबातरमध्ये राजकीय दडपशाहीच्या बळींचे स्मारक-संग्रहालय उभे केले. १९९८ मध्ये बळींचे पुनर्वसन आणि त्यांच्या वारसांना भरपाई देण्याचा कायदा झाला, आणि १० सप्टेंबर हा दिवस आता मंगोलियात या बळींचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.