७२ होम रन मारून पेट्रोल पंपावर: मायनर लीगच्या फर्स्ट बेसमनची बॅट ओळखायची कशी, याची जुनी गोष्ट

१९५४ चा सप्टेंबर, सीझनचा शेवटचा दिवस, न्यू मेक्सिकोतलं आर्टेशिया नावाचं छोटं गाव. रॉसवेल रॉकेट्स ह्या बेसबॉल टीमचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फील्डर) जो बाउमन ६९ होम रनवर (बॉल भिंतीपलीकडे, आपला सिक्सर म्हणा) होता आणि त्या दिवशी लागोपाठ दोन मॅचेस. ६९ हाच तेव्हा मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या लीगांचा, रेकॉर्ड, तोही दोघांच्या नावावर, १९३३ चा जो हाउजर आणि १९४८ चा बॉब क्रूज. बाउमनने त्या एका दिवसात तीन मारले. झाले ७२. सीझनचं अॅव्हरेज बरोब्बर .४००, म्हणजे दहातले चार वेळा हिट, आणि त्याच्या फटक्यांवर टीमचे २२४ रन आत आले. पुढे २००१ ला बॅरी बाँड्सने ७३ मारेपर्यंत अमेरिकेतल्या प्रोफेशनल बेसबॉलमध्ये एका सीझनला एवढे कोणीच मारले नव्हते.

आणि हा माणूस मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक मॅचसुद्धा खेळला नाही. रॉसवेलला त्याचा पेट्रोल पंप होता, तो चालवायचा.

आपल्याकडच्या लोकांना हे ऐकून लगेच भाऊसाहेब निंबाळकर आठवतील. पुण्यात १९४८ ला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ आणि टेस्ट मात्र शून्य. पण निंबाळकरांबद्दल आपल्याला हळहळ वाटते की अन्याय झाला, तशी बाउमनबद्दल बेसबॉलवाल्यांना फारशी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते समजलं की हा सगळा विषयच समजतो.

कारण असं की तो खेळत होता ती लाँगहॉर्न लीग क्लास सी ची, म्हणजे तेव्हाच्या उतरंडीत बरीच खालची. रॉसवेल समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, हवा कोरडी आणि विरळ, बॉल लांब जातो. समोर पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कोण, तर बरीचशी वीस-बावीसची पोरं, ज्यांना फास्टबॉल आहे पण कर्व्ह (वळणारा बॉल) जिथे टाकायचा तिथे पडत नाही. आणि बाउमन स्वतः ३२ वर्षांचा पक्का गडी. शिवाय त्याला वर जायची तशी हौसही नव्हती, १९४९ ला ब्रेव्ह्ज क्लबने देऊ केलेला पगार पटला नाही म्हणून तो सरळ ओक्लाहोमातल्या एल्क सिटीला सेमी-प्रो खेळायला निघून गेला होता. रॉसवेलला एक मस्त पद्धत होती, होम रन मारला की लोक स्टँडसमोरच्या तारेच्या जाळीत डॉलरच्या नोटा खोचून ठेवायचे आणि प्लेयर जाळीच्या कडेने फिरत त्या गोळा करायचा. पंपाची कमाई आणि वर ह्या नोटा, कशाला कोण जातंय बाहेरगावी.

आता फर्स्ट बेसमनच का, शॉर्टस्टॉप का नाही? तर बेसबॉलमध्ये जागांची एक अवघड ते सोपी अशी रांग असते, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) नि कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा) एका टोकाला, आणि पार दुसऱ्या टोकाला फर्स्ट बेस. तिथल्या माणसाचं मुख्य काम बाकीच्यांचे थ्रो झेलणं. म्हणजे चांगला फर्स्ट बेसमन फील्डिंगमध्ये फरक पाडतो, नाही असं नाही, पण त्या जोरावर त्याला कोणी टीममध्ये ठेवत नाही. शॉर्टस्टॉप .२४० मारून पंधरा वर्षं पोट भरू शकतो. फर्स्ट बेसमनने .२४० मारलं आणि होम रन नसतील तर घरी. त्याच्या मागे पुन्हा दुसरी जागाच नाही, थर्ड बेसवर जमलं नाही, आउटफिल्डला धावणं जमलं नाही की माणूस घसरत घसरत इथेच येतो. म्हणून मायनरमधल्या फर्स्ट बेसमनकडे बघताना प्रश्न एकच, हा वरच्या पिचिंगसमोर मारेल का. आणि याच जागेवर आकडे सगळ्यात जास्त फसवतात, कारण दांडगी पोरं खालच्या लीगमध्ये धुमाकूळ घालतातच.

सुरुवातीला आकड्यांकडे बघायचंच कोणी नाही फारसं, स्काउटचा, म्हणजे नवे प्लेयर हेरणाऱ्याचा, डोळा हाच पुरावा. पॉल क्रिचेल नावाच्या यँकीजच्या स्काउटने १९२३ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीचा लू गेहरिग कॉलेज मॅचमध्ये मारताना बघितला आणि ऑफिसला कळवलं की दुसरा बेब रूथ (तेव्हाचा होम रनचा बादशहा) मिळालाय. गेहरिगला हार्टफोर्डच्या मायनर टीमला पाठवलं, १९२४ ला तिथे त्याने .३६९ आणि ३७ होम रन केले, जून १९२५ मध्ये वॉली पिपची जागा घेतली आणि मग सलग २,१३० मॅचेस. इथे डोळा पण बरोबर आणि आकडा पण बरोबर. अशा केसमधून शिकायला काही मिळत नाही खरं तर.

शिकायला मिळतं ते वर ज्याचं नाव आलं त्या हाउजरकडून. तो काही ऐरागैरा नव्हता, १९२४ ला फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सकडून २७ होम रन मारून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचा एक भाग, दुसरा नॅशनल लीग) रूथच्या खालोखाल होता, मग १९२५ ला गुडघ्याची वाटी फुटली आणि सगळंच बदललं. मायनरला परत आला, बाल्टिमोरला १९३० मध्ये ६३ आणि मिनियापोलिसला १९३३ मध्ये ६९. आता मिनियापोलिसचं निकोलेट पार्क बघा, उजवीकडची भिंत जेमतेम २७९ फुटांवर, जिथे साधारण मैदानात ती सव्वातीनशेच्या आसपास असते, आणि हाउजर डावखुरा, म्हणजे ओढून मारला की बॉल तिकडेच जाणार. त्या ६९ पैकी ५० होम रन ह्या एकाच मैदानावरचे! हे गणित तेव्हाही लोकांना दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि त्याची वजाबाकी करून किती उरतं हे सांगता येणं वेगळं. वजाबाकी कोणाकडेच नव्हती.

मग पन्नासच्या दशकात एकामागून एक असे हिरो. स्टीव्ह बिल्को, १९५६ ला पॅसिफिक कोस्ट लीग ह्या मायनर लीगमधल्या लॉस एंजेलिस एंजल्सकडून .३६०, ५५ होम रन, पुढच्या वर्षी ५६, तिथलं मैदानही असंच आटोपशीर. मेजर लीगमध्ये आख्ख्या करिअरमध्ये ७६. त्याच १९५६ ला लिंकन ह्या मायनर टीमकडून डिक स्टुअर्टने ६६ मारले आणि हा पठ्ठ्या ऑटोग्राफ देताना सहीसोबत ६६ लिहायचा. तो मात्र वर गेला, टिकला, १९६३ ला रेड सॉक्सकडून ४२ मारले. फील्डिंग अशी की ज्याचं नाव ते. त्याच वर्षी फर्स्ट बेसवर २९ एरर. तर मुद्दा असा की बाउमन, बिल्को, स्टुअर्ट तिघांचे आकडे कागदावर शेजारी ठेवले तर यातला कोण वर चालेल हे नुसत्या होम रनवरून कोणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

यावर क्लबांचं उत्तर काय, तर आकडे सोडा, माणूस बघा. ब्रँच रिकी, ज्याने सेंट लुइस कार्डिनल्समध्ये मायनर टीम पोसायची फार्म सिस्टिम उभी केली, त्याच्याच नावावर ती २० ते ८० ची मार्कांची पट्टी खपवली जाते, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी प्लेयर, ८० म्हणजे कळस. बॅटसाठी त्यात दोन खाती, हिट आणि पॉवर. आणि पॉवरमध्ये परत पोटभेद, प्रॅक्टिसला किती लांब मारतो ते वेगळं आणि मॅचमध्ये किती मारतो ते वेगळं. फर्स्ट बेसमनला ५५-६० च्या खालची पॉवर असली की स्काउट नाक मुरडणारच. ह्याच वळणाचा एक पूर्वग्रह अजून जिवंत आहे, उजव्या हाताने फेकणारा आणि उजव्यानेच मारणारा फर्स्ट बेसमन, त्यांच्या भाषेत राइट-राइट. डावखुऱ्याला फर्स्टवरून बाकीच्या बेसकडे फेकायला शरीर वळवावं लागत नाही, आणि मारताना बहुतेक पिचर उजवे असल्यामुळे बॉल नीट दिसतो. राइट-राइटला यातलं काहीच नाही, म्हणून त्याची बॅट अजून एक पायरी वर हवी. तर्क चुकीचा नाही, पण त्यापायी कितीतरी माल हातचा गेला.

वजाबाकी शेवटी आणली बिल जेम्सने. हा क्लबवाला नव्हे, स्वतःच दरवर्षी आकड्यांचं पुस्तक काढणारा माणूस. १९८५ च्या पुस्तकात त्याने मांडलं की मायनरचे बॅटिंगचे आकडे फालतू नाहीत, त्यातून मैदानाचा फायदा काढा, लीगची पातळी धरा, वर गेल्यावर जी घट होते ती वजा करा, आणि जे उरेल त्याला मेजर लीगच्या आकड्याएवढीच किंमत आहे. तोपर्यंत सर्रास समज असा की खालचे आकडे म्हणजे गल्लीतले रन.

आणि पाच वर्षांत याची परीक्षाच झाली म्हणा ना. बोस्टन रेड सॉक्सच्या न्यू ब्रिटनच्या डबल-ए (मायनरमध्ये वरच्या ट्रिपल-ए च्या खालची पायरी) टीममध्ये १९९० ला जेफ बॅगवेल नावाचा २२ वर्षांचा थर्ड बेसमन होता, .३३३ अॅव्हरेज आणि होम रन फक्त ४. चार! बोस्टनला थर्डवर वेड बॉग्ज होताच, फर्स्टला मो वॉन येत होता, त्यामुळे ऑगस्टअखेर त्यांनी बॅगवेल ह्यूस्टनला दिला आणि बदल्यात सीझन संपेपर्यंतच्या बेगमीसाठी लॅरी अँडरसन हा ३७ वर्षांचा रिलीफ पिचर (मॅचमध्ये नंतर बदली येणारा) घेतला. अँडरसनने चांगलीच पिचिंग केली हो, पण किती, तर २२ इनिंग (एका मॅचला नऊ असतात). आता त्या चार होम रनच्या आजूबाजूची ओळ वाचा, ३४ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), ७३ वॉक (चार बाहेरचे बॉल सोडून मिळालेला फुकटचा बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ५७. म्हणजे बॉल सोडणं जास्त, चुकणं कमी, आणि भिंतीपर्यंत बॉल जातोय, पलीकडे जात नाहीये, कारण न्यू ब्रिटनचं मैदान आणि तिथली थंड हवा बॅट्समनचा जीव घेणारी. २२ व्या वर्षी अंग अजून भरायचं असतं, आज भिंतीला लागणारा बॉल दोन-चार वर्षांनी भिंतीपलीकडे पडतो. १९९१ च्या आधी जेम्सच्या अंदाजात हाच पोरगा नॅशनल लीगच्या अॅव्हरेजमध्ये पहिला होता. तेवढं काही झालं नाही, .२९४ वर थांबला, पण रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला. ह्यूस्टनने त्याला फर्स्टला आणलं, १९९४ ला ११० मॅचेसमध्ये .३६८ आणि ३९ होम रन, एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा वर्षातला सर्वोत्तम प्लेयर. करिअरला ४४९, २०१७ ला हॉल ऑफ फेम. राइट-राइट होता, हे सांगायचं राहिलं.

बाउमन आणि बॅगवेल शेजारी ठेवून बघा मग, एकाचे ७२ आणि एकाचे ४. माझ्या मते ह्या विषयाची आख्खी पार्श्वभूमी ह्या दोन आकड्यांत बसते.

तेव्हापासून बघणाऱ्यांची सवय बदलली, होम रनच्या आधी नजर वयावर जायला लागली. डबल-ए ला २१ वर्षांचा १५ मारतो आणि २६ वर्षांचा ३८ मारतो, तर लोक पहिल्याकडे वळतात. मग लीग. फ्लोरिडा स्टेट लीग म्हणजे मोठी मैदानं आणि दमट हवा, तिथले १५ हे, कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला टीम होती तेव्हा, तिथल्या वाळवंटी वाऱ्यातल्या २५ ला ऐकत नसत. मग स्ट्राइकआउट, आणि इथेच गाडी अडते. उंच, लांब हातांचा फर्स्ट बेसमन स्विंग मोठा करतो, अंगावरचा आतला फास्टबॉल त्याला पोचत नाही. खाली तो बॉल नेमका टाकणारे कमी, वर सगळेच टाकतात.

तरी गडबडी होतातच. पॉल गोल्डश्मिट २००९ ला ड्राफ्टमध्ये (क्लब नवी पोरं निवडतात त्यात) आठव्या राउंडला गेला, २०१० ला विसेलियाच्या मायनर टीमकडून ३५ होम रन पण १६१ स्ट्राइकआउट, शिवाय कॅलिफोर्निया लीग, शिवाय राइट-राइट, म्हणजे शंका घ्यायची सगळी कारणं एकाच पोरात. पुढच्या वर्षी मोबाइल नावाच्या गावाच्या डबल-ए टीममध्ये १०३ मॅचेसमध्ये ३० मारले, १ ऑगस्टला वर बोलावणं आलं, आणि २०२२ ला एमव्हीपी. उलट बाजूला जॉन सिंगलटन. ह्यूस्टनने २०१४ ला मेजर लीगची पहिली मॅच खेळायच्या आधीच त्याच्याशी १ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार केला, पहिल्या वर्षी अॅव्हरेज .१६८ आणि १३४ स्ट्राइकआउट. सिएटलने एव्हन व्हाइटला डबल-ए वरूनच २ कोटी ४० लाखांचा करार दिला, २०२० ला त्याने गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फील्डिंगचं बक्षीस, जिंकला आणि .१७६ मारले. फर्स्ट बेसवर गोल्ड ग्लव्ह आणि .१७६, म्हणजे घर छान रंगवलंय पण छप्परच नाही.

आता ट्रिपल-ए च्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्टचे कॅमेरे आहेत, बॅटवरून बॉल ताशी किती मैलांनी सुटला ते प्रत्येक फटक्याला कळतं, ९५ च्या वर गेला तर कडक. भिंत जवळ आहे की लांब, वारा कुठला, याच्याशी त्या आकड्याचं देणंघेणं नाही. हाउजरच्या वेळी हे असतं तर निकोलेट पार्कचा निकाल आठवड्यात लागला असता. पण बॅटला लागलेल्या बॉलचा वेग कळतो, न लागलेल्याचं काय करायचं हे दुखणं जुनंच.

मायनरमध्ये वर्षात सगळ्यात जास्त होम रन मारणाऱ्याला २००२ पासून एक अवॉर्ड देतात, त्याला नाव जो बाउमनचंच. २००४ ला ४६ मारून ते रायन हॉवर्डने घेतलं, दोन वर्षांनी तो फिलीजकडून ५८ मारून एमव्हीपी. २०११ ला ३८ मारणारा ब्रायन लाहेर पुढच्याच वर्षी कब्जकडून ऑल-स्टार झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी जपानला खेळायला गेला. आणि ए. जे. रीड, ह्यूस्टनचा फर्स्ट बेसमन, २०१५ ची सुरुवात लँकेस्टरच्याच वाऱ्यात, त्याने हे अवॉर्ड दोनदा नेलं, २०१५ आणि २०१७, दोन्ही वेळा ३४ होम रन. मेजर लीगमध्ये त्याचे सगळे मिळून ४.