मांडाऊ : जुनी कुठली, पर्यटकांसाठी केलेली कुठली

बोर्निओतल्या दायाक लोकांची तलवार म्हटली की सगळे सरसकट मांडाऊ म्हणतात आणि खऱ्या-खोट्याचा अर्धा गोंधळ तिथंच सुरू होतो. मांडाऊ हा शब्द दक्षिणेकडच्या म्हणजे आज इंडोनेशियात असलेल्या भागातला. त्याच घराण्यातल्या तलवारीला सारावाकमध्ये, म्हणजे आज मलेशियात असलेल्या भागात, पारांग इलांग म्हणतात, दायाकांपैकीच कायान लोक मालात म्हणतात. इबान या दुसऱ्या दायाक गटाची न्याबोर तर वेगळीच, जास्त वाकडी, आणि पश्चिमेकडच्या लांडाक भागातली पांडाट आणखी वेगळी. पण बाजारात सगळ्याला एकच लेबल लागलं. त्यामुळं न्याबोर हातात आली की लोक म्हणतात ही मांडाऊसारखी दिसत नाही, नक्की डुप्लिकेट असणार, आणि उलट मांडाऊच्या ठरलेल्या चित्राबरहुकूम काल घडवलेली वस्तू मात्र त्यांना एकदम अस्सल वाटते. माझ्या मते आधी कुठल्या नदीकाठची, कुठल्या लोकांची हे विचारावं, वय नंतर.

फार पूर्वी आतल्या भागात लोक स्वतः खनिज वितळवून लोखंड काढायचे, १९व्या शतकात बाहेरून लोखंड यायला लागलं तसं ते मागं पडलं, लोहारकाम मात्र टिकलं. म्हणजे परक्या लोखंडाची तलवारसुद्धा जुनी असू शकते.

१८४१ पासून सारावाकमध्ये ब्रूक या इंग्रज घराण्यातल्या गोऱ्या राजांचं राज्य आणि दक्षिणेत डच, दोघांनीही शत्रूची मुंडकी तोडण्याची दायाकांची प्रथा दाबायला घेतली. डचांच्या भागात १८९४ साली तुंबांग अनोई या गावात मोठी सभा भरून ती बंद करायचं ठरलं. बरेच जण हेच साल सीमारेषा धरतात, त्याआधीची खरी आणि नंतरची शोभेची. मला हे अजिबात पटत नाही. तलवार काही फक्त लढायला नव्हती, लग्नात, देवाणघेवाणीत, नाचात, रोजच्या वापरात ती होतीच आणि १८९४ नंतरही लोहार त्याच पद्धतीनं, आपल्याच माणसांसाठी घडवत राहिले. शिवाय साहेब लोकांना विकण्यासाठी नि भेट देण्यासाठी तलवारी त्याआधीपासून बाहेर जातच होत्या. मग रेषा ओढायची कुठं?

पुढं दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, बोर्निओत ताराकान, लाबुआन, बालिकपापानला ऑस्ट्रेलियन सैन्य उतरलं, आतल्या जंगलात दायाक जपान्यांशी लढत होते, तेव्हा सैनिकांनी कितीतरी तलवारी घरी नेल्या. १९६३ ते १९६६ च्या मलेशिया-इंडोनेशिया संघर्षात ब्रिटिश सैनिकांनी पण नेल्या. म्हणून "आजोबांनी युद्धातून आणली" एवढ्यावर वय ठरत नाही, ती तेव्हा नवीकोरी पण असू शकते. नंतर पर्यटन वाढलं आणि माल ढिगानं यायला लागला.

आता बघायचं काय. सगळ्यात आधी पातं. मांडाऊची एक बाजू फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट असते, त्यामुळं डावखुऱ्याची वेगळी करावी लागते. हे घडवायला वेळ आणि हात लागतो, म्हणून पर्यटकांसाठीच्या स्वस्त वस्तूत पातं दोन्हीकडून सपाट, पातळ पत्र्याचं निघतं. मग मूठ, जुनी बऱ्याचदा सांबरशिंगाची, हातात वापरून गुळगुळीत झालेली, नक्षीचे उंचवटे झिजलेले पण खाचांत मळ बसलेला. पातं राळेसारख्या चिकात बसवलेलं असतं, तिथं चकचकीत इपॉक्सी, म्हणजे आजकालचा रासायनिक गोंद, दिसली तर निदान दुरुस्ती तरी झालीय. म्यान दोन फळ्यांचं, वेताच्या विणीनं आवळलेलं, मागं लांब दांड्याच्या छोट्या सुरीचा कप्पा. त्या कप्प्यात सुरी जातच नसेल तर म्यान नुसतं दाखवायला केलंय.

पात्यावरचे पितळी ठिपके म्हणजे तोडलेली मुंडकी, असं विकणारे हमखास सांगतात. त्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे देऊ नका, ठिपके ही सजावट आहे आणि नवीन पात्यावरही तितकीच सहज करता येते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यापासून चांगल्या लोहारानं, गावातल्या माणसाच्या वापरासाठी घडवलेली आजची तलवार खोटी नाही. जुनी नाही एवढंच. आणि जुन्या पात्याला नवी मूठ असेल तर लगेच नाक मुरडू नये, मूठ तुटली की बदलायची ही तिथली नेहमीचीच रीत. फसवणूक तेव्हाच, जेव्हा नवीन लोखंड मुद्दाम गंजवून शंभर वर्षांचं म्हणून गळ्यात मारलं जातं.