लादी का सटकते?

इंदूरला उन्हाळ्यात राजवाड्याकडे गेलो, की बर्फाच्या दुकानापाशी माझे पाय हमखास रेंगाळतात. कारखान्यातून नुकतीच आलेली लादी कोरडी असते. ओलं बोट लावलं तर चिकटतं. आकडा अडकवून ओढताना ती फळीवर अडखळते, करकरते. दहा मिनिटांत तिला पाझर फुटतो आणि मग तीच लादी नुसत्या धक्क्याने सटकते. चार माणसांना घेऊन बर्फाच्या उतारावरून ताशी 130 किलोमीटरच्या पुढे धावणारी बॉबस्ले, म्हणजे पोलादी पात्यांवर घसरणारी शर्यतीची गाडी, मला कळली ती या फळीपाशी.

दाबामुळे बर्फ वितळतो म्हणून घसरतो, असं शाळेत शिकलो होतो. वजनं टांगलेली तार लादीतून आरपार जाते, हा प्रयोग खराच आहे. पण वितळणबिंदू जेमतेम 1 अंश खाली आणायला हवेच्या दाबाच्या सव्वाशेपटींहून जास्त दाब लागतो! बॉबस्लेच्या थंडगार ट्रॅकवर तेवढ्याने भागत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो, हे मायकेल फॅरडेने 1850 मध्येच सुचवलं होतं. आतल्या रेणूंना चहूबाजूंनी शेजारी धरून ठेवतात. सगळ्यात वरच्यांना वरून कुणीच नाही, म्हणून ते सैल राहतात. पुढे 1939 मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करून दाखवलं, की घसरताना घर्षणाची उष्णताही बर्फ वितळवते.

पोलाद बर्फावर सगळ्यात सहज घसरतं ते साधारण उणे 7 अंशांना. त्याहून फार थंडी पडली, की वरचे रेणू आखडतात. शून्याच्या जवळ बर्फ मऊ पडतो आणि पाती त्यात रुतते. घसरण अशी तापमानावर ठरते आणि गरम पाती बर्फ वितळवून जास्त सटकते, म्हणूनच पात्या तापवायला सक्त मनाई आहे आणि शर्यतीआधी त्यांचं तापमान मोजतात. मला हा नियम फार आवडतो. सगळं भौतिकशास्त्र त्यात आलं.

बॉबस्लेला इंजिन नसतं. खेळाडू सुरुवातीला सुमारे 50 मीटर ढकलत धावतात, उड्या मारून आत बसतात आणि पुढचं सगळं उतारावर. जड बॉबस्लेला हवेचा अडथळा तुलनेने कमी जाणवतो, म्हणून चौघांसह कमाल वजन 630 किलोवर बांधलेलं आहे. ब्रेक लावायचा तो अंतिम रेषेनंतरच. चालक दोऱ्या ओढून पुढच्या पात्या वळवतो, पण अगदी केसभर. जास्त वळवल्या तर पाती आडवी घासते, बर्फावर ओरखडा उठतो आणि तेवढा वेग गेलाच.