मॉनिटर नसलेला सर्व्हर ‘डिस्प्ले’ का मागतो?

दूरच्या सर्व्हरवर पायथनची छोटी स्क्रिप्ट चालवायची. काम एवढंच, की एक आलेख काढून पीएनजी फाइलमध्ये ठेवायचा. आणि डिस्प्लेचं नाव दिलेलं नाही, ‘डिस्प्ले’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही (प्रोग्रॅमला बाहेरून पुरवलेली नोंद) सापडत नाही, अशी कुरकुर करून ती बंद पडते. कित्येक वर्षं हा रोजचाच अनुभव होता. फाइल लिहायला स्क्रीन कशाला लागावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १९८४ सालच्या एमआयटीत आहे.

डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने तिथे प्रोजेक्ट अथेना चालू होता. विद्यार्थी कुठल्याही वर्कस्टेशनवर बसला, तरी त्याला आपलं काम तिथे मिळावं, ही त्यामागची कल्पना. यंत्रं वेगवेगळ्या बनावटीची होती, त्यामुळे एकाच कंपनीच्या हार्डवेअरला बांधलेली विंडो प्रणाली, म्हणजे पडद्यावर खिडक्या उघडणारी व्यवस्था, चालणार नव्हती. बॉब शायफ्लर यांनी स्टॅनफर्डहून आलेली ‘डब्ल्यू’ ही प्रणाली हाताशी घेतली. प्रत्येक आज्ञेनंतर उत्तरासाठी थांबून राहण्याची तिची पद्धत मोडून काढली आणि इंग्रजी मुळाक्षरांतलं पुढचं अक्षर देऊन नव्या प्रणालीला ‘एक्स’ म्हटलं. जिम गेटिस हे त्यांचे सुरुवातीपासूनचे साथीदार. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, आणि लिनक्सवर जिथे जिथे एक्स आहे तिथे अजून तिचाच प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे नियम, चालतो.

या रचनेत प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्रावर उमटू शकते. चित्र काढून देणारा एक्स सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो, आणि खोलीभर पसरलेल्या महागड्या यंत्रावरचा प्रोग्रॅम त्याचा क्लायंट, म्हणजे सेवा मागणारा, ठरतो. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. तर खिडकी कुठे उघडायची, हे प्रोग्रॅमला सांगायला हवं. ते सांगणारं व्हेरिएबल म्हणजे ‘डिस्प्ले’. त्यात यंत्राचं नाव, मग कोलन (:), मग डिस्प्लेचा क्रमांक असतो. नेटवर्कवरून जोडायचं असेल तर ६००० मध्ये हा क्रमांक मिळवला की पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरचा जोडणीचा क्रमांक, मिळतो. थोडक्यात, हा निव्वळ पत्ता आहे. मॉनिटर जोडलेला आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू युलेनन यांनी दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्यासाठी एसएसएच लिहिलं, आणि खिडक्या त्याच सुरक्षित जोडणीतून आणण्याची सोय झाली. खऱ्या डिस्प्लेंशी टक्कर होऊ नये म्हणून ओपनएसएसएच ही एसएसएचची मुक्त आवृत्ती आपले क्रमांक १० पासून सुरू करतं. इथून एक चिवट भानगड निघाली. जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्सचं जुनं सत्र पुन्हा उघडलं की त्यात कालचाच पत्ता शिल्लक असतो, आणि त्या पत्त्यावर आज कोणी राहत नसतं. ठरल्या वेळी आपोआप कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमधून चालणाऱ्या कामाला तर पत्ताच मिळत नाही. सुडो करून दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने आज्ञा चालवली, की डिस्प्ले वापरण्याच्या परवानगीची कुकी (गुप्त खूण) मूळ वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत मागे राहते. त्रुटी प्रत्येक वेळी साधारण एकच दिसते, कारणं मात्र तीन.

यावरचा पहिला तोडगा सरळ फसवणुकीचा होता. एक्सव्हीएफबी हा एक्स सर्व्हर सगळं मेमरीत रेखाटतो आणि कुठेच दाखवत नाही. प्रोग्रॅम समाधानी राहतो. पण जुन्या आवृत्त्यांत रंगखोली (दर पिक्सेलच्या रंगासाठीचे बिट) सांगितली नाही तर ती ८ बिट धरली जाई, आणि ओपनजीएल (ग्राफिक्स रेखाटण्याची प्रमाणित पद्धत) वापरणारे प्रोग्रॅम तिथे अडत. २४ बिट स्पष्ट लिहावं लागे. वेबसर्व्हरवर जावातून आलेख काढणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. २००२ मध्ये जावा १.४ ने ‘हेडलेस’, म्हणजे स्क्रीनशिवाय चालण्याचा, पर्याय दिला तेव्हा त्यांची सुटका झाली.

खरा दोष लायब्ररींच्या (तयार कोडच्या संग्रहांच्या) रचनेत होता, असं माझं मत आहे. चित्राचे पिक्सेल काढणं आणि ते खिडकीत दाखवणं ही दोन वेगळी कामं त्यांनी एका गाठीत बांधली होती. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या, जॉन हंटर यांच्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीकडे हे दोन्ही वेगळं करणारे बॅकएंड, म्हणजे प्रत्यक्ष रेखाटणारे अदलाबदल करता येणारे भाग, लवकरच आले. ‘ॲग’ नुसती फाइल लिहितो, त्याला स्क्रीन लागत नाही. पण मूळ निवड बहुधा खिडकीवाल्या बॅकएंडची असे. म्हणून हजारो स्क्रिप्टांच्या डोक्यावर ‘ॲग वापर’ अशी ओळ मंत्रासारखी दिसते. २०१८ मधल्या ३.० आवृत्तीपासून लायब्ररी स्वतःच परिस्थिती पाहून ॲगकडे वळू लागली. खिडक्या बनवणारी लायब्ररी क्यूटी, तिच्या पाचव्या आवृत्तीतही ‘ऑफस्क्रीन’ हे स्क्रीनशिवाय चालणारं प्लगइन (जोडभाग) आलं. मात्र एक्सशी जोडणारं एक्ससीबी प्लगइन ‘सापडलं, पण लोड झालं नाही’ हा तिचा संदेश आजही माणसाला तासन्‌तास भटकवतो. पुष्कळदा स्क्रीनचा काही संबंध नसतो. प्लगइनला हवी असलेली एखादी छोटी लायब्ररी यंत्रावर नसते, किंवा ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीने आपल्यासोबत आणलेली क्यूटी आधीच्या क्यूटीशी भांडत असते. प्लगइन डीबगचं व्हेरिएबल १ केलं की नेमकं नाव छापून येतं.

ग्राफिक्स कार्डांची कथा आणखी विचित्र. सर्व्हरमध्ये महागडं कार्ड असूनही ओपनजीएल वापरायचं तर आधी एक्स सर्व्हर चालू ठेवावा लागे. नाहीतर ब्रायन पॉल यांच्या मेसा या ओपनजीएलच्या मुक्त आवृत्तीतून प्रोसेसरवरच रेखाटायचं. २०१५ च्या सुमारास एनव्हिडियाने ईजीएल या जोडमार्गाने एक्सशिवाय कार्ड वापरू दिलं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर लोक एसएसएचनेच शिरतात. तिथे रांगेत लावलेलं काम मध्यरात्री सुरू झालं, तर खिडकी पाहायला समोर कोण असणार?

प्रोग्रॅम त्याच्या गरजांसकट कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं डॉकर आल्यावर तक्रारीचा सूर बदलला. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो त्या सडपातळ प्रतिमेत लिबजीएल या ओपनजीएलच्या लायब्ररीची फाइलच नसते, आणि ओपनसीव्ही आयात होतानाच कोसळतं. अशा वेळी एक्सव्हीएफबी चालू करून काही होत नाही. फाइल बसवायची किंवा ओपनसीव्हीचं खिडकीविरहित ‘हेडलेस’ पॅकेज घ्यायचं. म्हणून त्रुटी वाचताना आधी पाहावं, की ती फाइल सापडत नाही म्हणते आहे की डिस्प्लेशी जोडता येत नाही म्हणते आहे. पहिल्या तक्रारीला पॅकेज लागतं. दुसरी असेल तर व्हेरिएबलमध्ये काय आहे ते छापून बघावं, आणि खिडकीची मुळात गरज नसेल तर बॅकएंडच बदलावा.