ग्लासवरचे ओघळ म्हणजे भारी वाइन?

चार मित्र कॅलिफोर्नियाच्या बाटल्या उघडून बसले की एकजण ग्लास गोल फिरवतो, काचेवरचे ओघळ दाखवतो आणि म्हणतो, "बघ, भारी वाइन!" अहो, ओघळांचा दर्जाशी संबंध नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, थराचा पृष्ठताण (पृष्ठभागाची ओढ) वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि मग तिचे थेंब घरंगळतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी हे १८५५ मध्येच सांगितलं होतं.

म्हणून कॅलिफोर्नियातल्याच लोडाय भागातली १५ टक्के अल्कोहोलची झिनफँडेल ही रेड वाइन तिथल्याच सोनोमा भागातल्या १३ टक्क्यांच्या पिनो न्वार या रेड वाइनपेक्षा सहसा ठसठशीत ओघळ दाखवते. चव? ती जिभेलाच विचारा.

पटत नसेल तर ग्लासवर बशी झाका. वाफ कोंडली की थोड्या वेळात ओघळ थांबतात. वाइन मात्र तीच!