पिसाऱ्यावरून वय ओळखणे (लहान गाणारे पक्षी)

दयाळ, शिंजीर, वटवट्या अशा लहान गाणाऱ्या पक्ष्यांचे वय पिसांची वीण, झीज आणि झडण्याचा क्रम पाहून ठरवण्याची पद्धत. पायात कडी घालण्यासाठी (रिंगिंग) पक्षी पकडणारे अभ्यासक ती रोज वापरतात.

नुसत्या रंगावर विसंबले की फसगत ठरलेली. स्वर्गीय नर्तकाचा कोवळा नर मादीसारखाच तांबूस आणि आखूड शेपटीचा असतो. लांब फिती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात, आणि कित्येक नर पुढे पांढरेशुभ्र होतात. पण लांब फितींचे तांबूस नरही असतात आणि दोन्ही रंग मिसळलेलेही. त्यामुळे ‘पांढरा तो वयस्क’ हे खरे, पण ‘तांबडा तो पोरगा’ हे नाही. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामानंतर चमकदार पिसारा उतरवतो; पिवळ्या पोटावर गळ्यापासून एक काळपट पट्टा तेवढा उरतो. वयात येणारा नरही असाच दिसतो. अशा वेळी खांद्यावरची निळी-जांभळी चमक पाहावी. ती जुन्या नराच्या अंगावर टिकते.

भरवशाची खूण पिसातच असते. घरट्यात थोड्या दिवसांत सगळी पिसे एकदम उगवावी लागतात, म्हणून पिल्लाची पिसे विरळ विणीची निघतात आणि लवकर विटतात. शेपटीची पिसे एकाच वेळी वाढल्याने उपासमारीच्या दिवसाची फिकी रेघ सगळ्या पिसांवर एका ओळीत उमटते. प्रौढाच्या शेपटीत ती एका ओळीत सहसा येत नाही. घरटे सोडल्यावर बहुतेक जाती अंगावरची आणि पंखांवरची लहान पिसे बदलतात, पंखांतली मोठी पिसे मात्र तशीच ठेवतात. मग पंखावर नव्या गडद आणि जुन्या विटक्या पिसांची सीमा दिसते. ती सापडली की पक्षी पहिल्या वर्षातला. चिमण्या आणि चंडोल त्याच वेळी सगळीच पिसे बदलतात, त्यामुळे त्यांच्याबाबत ही युक्ती चालत नाही.

जोडीला कोवळ्या पक्ष्याच्या जिवणीची पिवळी कड पाहतात. डोक्यावरची पिसे ओली करून बाजूला सारली की कातडीतून कवटीही दिसते: कोवळ्या पक्ष्याची एकपदरी, गुलाबीसर; प्रौढाची पुरी भरलेली, पांढुरक्या ठिपक्यांची.

नोंदवहीत वय १ जानेवारीपासून मोजण्याची रीत युरोपातल्या रिंगिंगमधून आली. आपल्याकडे सुगरण पावसाळ्यात पिल्ले काढते. ऑगस्टमधले पिल्लू या हिशेबाने पाच महिन्यांतच ‘दुसऱ्या वर्षातले’ होते.